जपानी गाण्यांच्या भेंड्या : पहिल्या अक्षरावरून गाणे कसे निवडावे

शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त जपानला गेलेल्या मराठी माणसावर केव्हा ना केव्हा सहकाऱ्यांबरोबर काराओकेच्या खोलीत बसण्याची वेळ येते. सुरुवातीचा वेळ ज्याला जे आवडते ते गाण्यात जातो, आणि मग मंडळींपैकी कोणीतरी सुचवते की आता शिरितोरी करत गाऊ या. शिरितोरी हा तिथल्या बालवाडीतल्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना येणारा शब्दसाखळीचा खेळ आहे. आधीच्याने सांगितलेला शब्द ज्या अक्षराने संपला, त्या अक्षराने सुरू होणारा शब्द पुढच्याने सांगायचा. शब्दांच्या जागी गाणी आली की हा खेळ आपल्या गाण्यांच्या भेंड्यांच्या अगदी जवळ येतो, आणि सहलीच्या बसमध्ये भेंड्या खेळत मोठे झालेल्याला वाटते की हे तर आपल्याला येतेच. मात्र काही मोक्याच्या जागी नियम वेगळे आहेत, आणि जपानी गाण्यांचा साठा कोणत्या अक्षरांवर भरलेला व कोणत्या अक्षरांवर रिकामा आहे हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच फेरीत भेंडी चढते. ज्यांना हिरागाना ही जपानीची मूळ अक्षरलिपी वाचता येते आणि ज्यांच्या कानांवरून थोडीफार जपानी गाणी गेली आहेत, अशा नवख्यांसाठी ही तयारी क्रमाने मांडली आहे.

पायरी 1 : भेंड्यांच्या सवयी बाजूला ठेवाव्यात

भेंड्यांमध्ये आपण गाण्याची पहिली ओळ धरतो, जपानी खेळात सहसा गाण्याचे शीर्षक धरतात. आपल्याकडे गाणे मुखड्यानेच ओळखले जाते. जपानी गाण्याला मात्र स्वतंत्र शीर्षक असते आणि त्याचा पहिल्या ओळीशी काही संबंध असेलच असे नाही. ससा-कासवाच्या शर्यतीचे 1901 सालचे बालगीत जपानी माणसाला 'मोशिमोशि कामे यो' या ओळीने पाठ असते, पण त्याचे शीर्षक 'उसागि तो कामे' असे आहे. म्हणून खेळात ते मो वर लावता येत नाही, उ वर लावावे लागते, आणि पुढच्याला मे मिळतो. गाणे पाठ असणे आणि त्याचे शीर्षक पाठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनावर ठसवून घ्यावे.

दुसरा फरक स्वराचा आहे. भेंड्यांमध्ये 'क' आला की का, कि, कु, के, को यांपैकी कशानेही सुरू होणारे गाणे चालते. जपानी लिपीत प्रत्येक अक्षरात स्वर आधीच मिसळलेला असल्यामुळे की आला तर गाणे की नेच सुरू झाले पाहिजे, का किंवा कू चालत नाही. एका व्यंजनाची आपली एक पेटी तिथे पाच पेट्यांत विभागली जाते, आणि त्यांतल्या काही पेट्या जवळजवळ रिकाम्या असतात. खेळाची खरी अडचण इथूनच सुरू होते.

तिसरा फरक न् चा. आपल्याकडे ओळ 'ण' किंवा 'ळ' वर संपली तर त्या अक्षराने गाणे सुरू होत नाही म्हणून आपण समजुतीने 'न' आणि 'ल' देतो. जपानीत न् या अक्षराने शब्द सुरू होत नाही, आणि तिथे सवलत देण्याऐवजी तसा शब्द काढणाऱ्यालाच बाद करतात. 'रेमोन', 'रोबिनसोन', 'इहोउजिन' ही गाणी कितीही आवडती असली तरी साखळीत ती स्वतःहून हार पत्करण्यासारखी आहेत. बालगीतांत हा सापळा अधिक दडलेला असतो, कारण प्राण्यांच्या आणि माणसांच्या नावांमागे लागणारे सान व कुन हे दोन्ही न् वर संपतात. 'झोउसान', 'इनु नो ओमावारिसान' आणि 1975 साली निघालेले, जपानमध्ये सर्वाधिक खपलेल्या गाण्याचा मान मिळवणारे 'ओयोगे! ताइयाकिकुन' ही नवख्याला सर्वांत आधी आठवणारी गाणी, आणि तिन्ही बाद करणारी.

चौथा फरक मात्र आपल्या सोयीचा आहे. भेंड्यांमध्ये अंक मोजायला सुरुवात होते आणि पाच-दहाच्या आत गाणे सुचावे लागते. काराओकेत आधीच्या गाण्याचे शीर्षक जाहीर होताच त्याचे शेवटचे अक्षर कळते, आणि ते गाणे संपेपर्यंत चार-पाच मिनिटे हातात असतात. ज्याने वही नीट तयार केली आहे, त्याला एवढा वेळ भरपूर होतो.

पायरी 2 : नियम खेळाआधी बोलून घ्यावेत

शिरितोरीचे काही नियम घरोघरी वेगळे असतात, त्यामुळे खेळ सुरू होण्यापूर्वी विचारून घेण्यात काहीही कमीपणा नाही. जपानी मंडळी स्वतःही ते ठरवून घेतात. पहिला प्रश्न दीर्घ स्वराच्या आडव्या रेघेचा. परकी शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकाना लिपीतले शीर्षक अशा रेघेने संपले, जसे 1982 सालचे 'आकाइ सुइइतोपी', तर पुढच्याने पी घ्यायचे की त्या रेघेत ऐकू येणारा इ घ्यायचा? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. दुसरा प्रश्न अक्षरावरच्या खुणांचा, कारण जपानीत 'ही' वर खूण दिली की बी किंवा पी होते : शेवटी बी किंवा पी आले तर खूण काढून 'ही' ने सुरू होणारे गाणे चालेल का? बहुतेक ठिकाणी चालते, आणि नवख्याने ही सवलत मागून घ्यावीच, कारण बी, झू, गू अशा अक्षरांवरची गाणी मोजकीच आहेत. तिसरा प्रश्न उपशीर्षकाचा. आन्जेला आकी यांचे 2008 सालचे 'तेगामी' हे गाणे पूर्ण शीर्षकासह 'तेगामी, हाइकेइ जुउगो नो किमि ए' असे आहे. उपशीर्षक सोडले तर पुढच्याला 'मी' मिळतो. ते धरले तर शेवटचे अक्षर लिहिताना 'हे' आणि बोलताना 'ए' होते, म्हणजे आणखी एक वाद उभा राहतो.

रोमन लिपीतली शीर्षके जपानी उच्चाराप्रमाणेच धरतात, आणि आकड्यांचेही तसेच. 1979 सालच्या 'गिन्गा तेत्सुदोउ 999' मधल्या आकड्यांचा उच्चार सुरी नाइन असा आहे, म्हणून ते न् वर संपते. याखेरीज एक गोष्ट अवश्य ठरवून घ्यावी : यंत्राच्या यादीत किंवा फोनवर शोधून गाणे काढणे चालेल, की स्वतःच्या आठवणीतूनच काढायचे? जपानी सहकारी परदेशी पाहुण्याला ही मुभा आनंदाने देतात, पण ती गृहीत धरू नये.

पायरी 3 : अक्षरांचा क्रम आपलाच आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा

जपानी अक्षरांचा क्रम, ज्याला गोजूओन म्हणतात, मराठी माणसाला वेगळा शिकावा लागत नाही. आधी आ, इ, उ, ए, ओ हे स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा आणि सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम घडला. क-वर्गानंतर च-वर्गाच्या जागी सा ची ओळ येते, त्या काळी तिचा उच्चार च च्या जवळचा असावा असे भाषाभ्यासक मानतात. पुढे त-वर्ग, त्याचा अनुनासिक न, मग प-वर्गाच्या जागी हा ची ओळ, कारण ह चा मूळ उच्चार प होता, आणि शेवटी म, य, र, व अगदी आपल्या बाराखडीच्या तक्त्याप्रमाणे. काराओकेतल्या छापील गाण्यांच्या जाड याद्या याच क्रमाने लावलेल्या असत आणि यंत्रांमधील याद्याही याच क्रमाने लागतात, त्यामुळे हवे ते पान किंवा पडदा शोधताना आपला हात सहज चालतो.

ओळींमधल्या काही अनियमित जागा तेवढ्या लक्षात ठेवाव्यात. सा च्या ओळीत सी नाही, शी आहे. ता च्या ओळीत ती आणि तू यांच्या जागी ची आणि त्सू आहेत. हा च्या ओळीत हू च्या जागी फू आहे. त्सू चा उच्चार आपल्या 'चूल' मधल्या च सारखा असल्यामुळे मराठी जिभेला तो जड जात नाही. एकूण मूळ अक्षरे 46 आहेत. त्यांतले न् आणि विभक्तीपुरता उरलेला ओ वगळला की गाणे सुरू होऊ शकेल अशी 44 अक्षरे उरतात. चा, शू, क्यो अशी जोडाक्षरे पहिल्या अक्षराच्या पेटीत जातात, म्हणून 'चात्सुमी' हे ची वर चालते.

पायरी 4 : वही तयार करावी, आणि ती काना लिपीत (हिरागाना-काताकानात) लिहावी

अक्षर ते गाणे अशी स्वतःची वही करणे हा या तयारीचा कणा आहे. प्रत्येक अक्षराला अर्धे पान द्यावे आणि गाण्यासमोर चार गोष्टी नोंदवाव्यात : शीर्षकाचे वाचन, शेवटचे अक्षर, गायक, आणि आपल्याला ते कुठपर्यंत गाता येते. उदाहरणार्थ, की च्या पानावर 'कितागुनि नो हारू, शेवट रू, सेन मासाओ, 1977, पहिले कडवे येते' अशी नोंद पुरेशी आहे. यातले शेवटचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे, कारण आपण कशाने सुरुवात केली याच्याइतकेच आपण पुढच्याच्या हाती काय दिले यावर खेळ ठरतो.

ही वही देवनागरीत ठेवू नये, असे मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगतो. आपण देवनागरीत लिहितो तेव्हा जपानी दीर्घ ओ आपल्या एका ओ मध्ये विरून जातो. 'मेदाका नो गाक्कोउ' हे मासोळ्यांच्या शाळेचे बालगीत आपण सहज 'गाक्को' असे लिहू आणि शेवटचे अक्षर को समजू, पण जपानी लिपीत ते को आणि उ अशा दोन अक्षरांनी लिहितात. म्हणून पुढच्याला उ मिळतो. याउलट 1921 सालचे 'नानात्सु नो को' खरोखर को वर संपते. कानाला जवळजवळ सारखी वाटणारी ही दोन शीर्षके साखळीला दोन वेगळ्या दिशांना नेतात. या लेखात असा उ मी मुद्दाम लिहिला आहे, तरी वहीत काना लिपीच वापरावी.

दुसरा धोका कांजीचा. शीर्षकाची चित्राक्षरे आपल्याला वाचता येतात म्हणून तेच वाचन खरे, असे नाही. 1977 साली यामागुचि मोमोए यांनी गायिलेल्या एका प्रसिद्ध गाण्याच्या शीर्षकात शरद आणि साकुरा अशी दोन कांजी आहेत. कोशातल्या वाचनाप्रमाणे ते आ वर जायला हवे, पण ते वाचायचे 'कोसुमोसू', म्हणजे ते को च्या पानावर जाते. 'फुरुसातो' या 1914 सालच्या शालेय गीताची कांजी 'कोक्योउ' अशीही वाचता येतात, तरी गाणे फू वरच लावायचे. शंका आली तर यंत्रात काना लिपीतून शोधून पाहावे. तिथे गाणे ज्या वाचनाखाली सापडते, तेच वाचन वहीत उतरवावे.

पायरी 5 : रा च्या ओळीपासून सुरुवात करावी

बहुतेक नवखे आ पासून यादी करायला घेतात आणि का पर्यंत येऊन थकतात. त्याऐवजी रा, री, रू, रे, रो ही पाच पाने आधी भरावीत, कारण खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो.

कारण भाषेतच आहे. जुन्या अस्सल जपानी शब्दांची सुरुवात र ने होत नाही. र ने सुरू होणारे शब्द चिनीतून किंवा पुढे युरोपीय भाषांतून आलेले आहेत. र ने संपणारे शब्द मात्र उदंड आहेत, आणि जपानी गीतकारांचे लाडके शब्द नेमके तेच आहेत. साकुरा आणि आकाश या अर्थाचा सोरा हे रा वर संपतात, प्रकाश म्हणजे हिकारी आणि प्रार्थना म्हणजे इनोरी हे री वर, वसंत म्हणजे हारू आणि रात्र म्हणजे योरू हे रू वर, ताटातूट म्हणजे वाकारे हे रे वर, आणि मन म्हणजे कोकोरो हे रो वर. नामांच्या साध्या शिरितोरीपेक्षा गाण्यांच्या खेळात ही ओळ अधिक छळते, याचेही एक कारण आहे : साध्या खेळात फक्त नामे चालतात, पण गाण्याचे शीर्षक क्रियापदावरही संपू शकते, आणि असंख्य जपानी क्रियापदांच्या शेवटी रू असतो. 2019 सालचे 'योरु नि काकेरू' हे याचे सर्वांच्या ओठांवरचे उदाहरण. समोरचा खेळाडू तरबेज असेल तर तो 'कितागुनि नो हारू', मग 'सुबारू', मग 'योरु नि काकेरू' असे एकामागून एक रू देत राहतो. या डावाला जपानीत 'रू-झेमे' असे नाव आहे.

यावर उपाय आहे, आणि तो दिसतो तितका अवघड नाही. प्रत्येक अक्षराला किमान दोन गाणी बसवावीत. रू साठी तेराओ आकिरा यांचे 1981 सालचे 'रुबी नो युबिवा' शिकावे, ते वा वर संपते. 1975 सालचे 'रूजु नो देन्गोन' तितकेच गोड आहे, पण न् वर संपत असल्याने साखळीच्या कामाचे नाही. री साठी युद्ध संपल्यानंतरच्या दिवसांत साऱ्या जपानने गुणगुणलेले 'रिंगो नो उता' आहे, सफरचंदाचे हे गाणे ता वर संपते. मिसोरा हिबारी यांचे 1952 सालचे 'रिंगो ओइवाके' के वर. रा साठी 1991 सालचे 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि' आणि 2024 सालचे 'राइराक्कू'. रो साठी 1993 सालचे 'रोमान्सु नो कामिसामा' आणि 1984 सालचे 'रोप्पोंगि शिन्जुउ'; 'रोबिनसोन' टाळावे. रे सर्वांत कठीण आहे. 1986 सालचे 'रेइनी बुरू' त्या पानावर पहिले लिहावे, कारण ते रे वर सुरू होते आणि रेघ सोडण्याचा नियम ठरला असेल तर पुढच्याच्या हाती पुन्हा रू देते.

आणखी एक वाट उघडी आहे. जपानीत ल हा वेगळा ध्वनी नाही, त्यामुळे इंग्रजी ल आणि इंग्रजी र या दोन्हींनी सुरू होणारी शीर्षके रा च्याच ओळीत येतात. जपानी गटांची रोमन शीर्षकांची गाणी मुबलक आहेत, आणि ज्याला नवे संगीत आवडते त्याने आपल्या आवडत्या गटाच्या याद्या या नजरेने चाळून पाहाव्यात. एकेका यादीतून एक-दोन गाणी सहज हाती लागतात. 2004 सालचे 'रिराइतो' मला असेच मिळाले, आणि री च्या पानावर आता ते पहिले आहे.

पायरी 6 : बाकीची पाने

यानंतर ज्या अक्षरांवर शीर्षके वारंवार संपतात, ती पाने जाड करावीत. गाणे या अर्थाचा उता हा शब्द शेकडो शीर्षकांच्या शेवटी येतो, म्हणून ता ची मागणी सतत असते. 'ताकिबी', 'तानाबातासामा', 'ताकेदा नो कोमोरिउता' तयार ठेवावीत. बर्फ आणि चंद्र, म्हणजे युकी आणि त्सुकी, यांमुळे की वरचेवर येतो. विशेषणांमुळे इ येतो. 'इइ हि ताबिदाची' आणि 'इतो' ही दोन्ही त्या पानावर शोभणारी. 'नि' आणि 'ते' यांच्यावर संपणारी शीर्षके पुष्कळ, कारण जपानी शीर्षक अर्धवट सोडलेल्या वाक्यासारखे असणे नेहमीचे आहे. 'ते' साठी 'तेनताइ कानसोकू' आणि 'तेनोहिरा ओ ताइयोउ नि', 'नि' साठी 1984 सालचे 'नि-ओकु योन्सेनमान नो हितोमी'.

आ, का, सा, हा यांची चिंता करू नये. ती पाने आपोआप भरतात. कावर 'कावा नो नागारे नो योउ नि', सावर 'साकुरा साकुरा', हावर 'हानामिझुकी' आणि 'हामाबे नो उता' एवढे लिहिले की पुढची गाणी ऐकता ऐकता जमा होतात.

नू चे पान बहुधा रिकामे राहते, आणि राहिले तरी चालते, कारण आधुनिक जपानीत नू ने संपणारे क्रियापद एकच आहे. जुन्या भाषेतली रूपे मात्र शीर्षकांत टिकून आहेत. 1981 सालचे 'काझे ताचिनू' कोणी काढलेच तर समोरच्याची खरी परीक्षा होते.

पायरी 7 : एक साखळी हाताने चालवून पाहावी

वही थोडी भरली की एकट्याने साखळी लावून पाहावी. प्रथेप्रमाणे शिरितोरी या शब्दापासूनच सुरुवात करतात, म्हणजे पहिले अक्षर री. 'रिंगो नो उता' घेतले की ता येतो, त्यावर 'ताकिबी'. शेवटच्या बी ची खूण काढून 'ही' घ्यावी आणि 'हिमावारि नो याकुसोकू' लावावे. कू वर 'कुरेनाइ', इ वर 'इइ हि ताबिदाची', ची वर चहा खुडणाऱ्यांचे 'चात्सुमी', मी वर 1946 सालचे 'मिकान नो हाना साकु ओका', का वर 'कांदागावा', वा वर कोयानागि रुमिको यांचे 1971 सालचे 'वाताशि नो जोउकामाची'. इथे ची दुसऱ्यांदा आला. 'चात्सुमी' होऊन गेले आहे, म्हणून 'चुऊरिप्पू'. पू ची खूण काढून 'फुरुसातो', तो वर तेरेसा तेंग यांचे 1986 सालचे 'तोकि नो नागारे नि मि ओ माकासे', से वर पुन्हा कोयानागि यांचे 'सेतो नो हानायोमे', मे वर 'मेदाका नो गाक्कोउ', आणि त्या शेवटच्या उ वर 1961 सालचे 'उए ओ मुइते आरुकोउ', जे 1963 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले होते. तेही उ वरच संपते, म्हणजे ज्या अक्षराने आपल्याला गाठले तेच आपण पुढे सरकवले. अशी उलटून देणारी गाणी वहीत वेगळ्या रंगाने खुणवून ठेवावीत. कोणते अक्षर दुसऱ्यांदा आल्यावर आपण अडतो, हे या सरावातच कळते, आणि त्या पानावर तिसरे गाणे शोधायचे हे ठरते. पुण्यामुंबईच्या जपानी वर्गांतले विद्यार्थी यंत्राशिवाय, टाळ्यांवर एकेक कडवे गाऊन हाच सराव करू शकतात. काना लिपीचे वाचन पक्के होण्यासाठी यापेक्षा चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

पायरी 8 : खोलीत बसल्यावर

काराओकेचे आपले यंत्र इनोउए दाइसुके यांनी 1971 साली कोबे इथे भाड्याने द्यायला सुरुवात केली. मित्रमंडळींसाठी वेगळी छोटी खोली देण्याची पद्धत मात्र 1980 च्या दशकात ओकायामा प्रांतात, मालवाहू कंटेनरला खोलीचे रूप देऊन सुरू झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून उभे राहिले, तेच हे ओकायामा.

आजच्या खोलीत एक मोठा पडदा, दोन माइक, बहुधा डफ आणि खुळखुळे, आणि पाटीएवढे स्पर्शपडद्याचे नियंत्रक असते. त्यावर 'क्योकुमेइ' म्हणजे गाण्याच्या नावाने आणि 'काशुमेइ' म्हणजे गायकाच्या नावाने शोधण्याचे वेगवेगळे रकाने असतात. पहिली दोन-तीन अक्षरे काना लिपीत दिली की यादी समोर येते. एकाच शीर्षकाची अनेक गाणी असू शकतात, 'साकुरा' ची तर रांगच लागते, म्हणून गायकाचे नाव पाहूनच निवडावे. निवडलेले गाणे आधीच्या गाण्यामागे रांगेत लागते. आपली पाळी आली की शीर्षक मोठ्याने सांगून शेवटचे अक्षरही सांगावे. त्यामुळे पुढच्याला तयारीला वेळ मिळतो आणि वाद टळतो. गाण्याचे शब्द पडद्यावर येतात आणि कांजीवर काना लिपीतले वाचनही असते, त्यामुळे हिरागाना वेगाने वाचता आला तर अर्धवट पाठ असलेले गाणेही निभावते. पट्टी वर-खाली करण्याची कळ असते. ती वापरायला संकोचू नये.

एका तासात बारा-पंधराच गाणी होतात, म्हणून खेळ मोठा असेल तर प्रत्येकाने एकच कडवे गाऊन थांबवायचे असे ठरवतात. थांबवण्याची कळही त्याच नियंत्रकावर असते. दुसरा गात असताना आपण नियंत्रकात डोके घालून बसणे मात्र तिथे बरे दिसत नाही. आधी टाळी धरावी, पहिले कडवे ऐकावे, मग शोधावे. ठरलेली वेळ संपण्याच्या दहाएक मिनिटे आधी खोलीतला फोन वाजतो, तेवढ्यात चालू फेरी पुरी करून घ्यावी.

सोबत कोण आहे, यावरही निवड अवलंबून असते. वयस्कर सहकारी असतील तर 1970 च्या दशकातली गाणी काढावीत. 'त्सुगारु काइक्योउ फुयुगेशिकी' परदेशी पाहुण्याने गायिले की खोलीतले सगळे सूर मिसळतात. तरुण मंडळी असतील तर नवी गाणी, आणि लहान मुले असतील तर बालगीते. नियम कडक नको असतील तर साखळीऐवजी एका अक्षराची फेरी सुचवावी : सा ठरला तर प्रत्येकाने सा वरचे एक गाणे गायचे, आणि पुढच्या फेरीत शी. नवख्याला हा प्रकार सोपा जातो, कारण त्यात न् ची भीती नसते आणि कोणी बाद होत नाही.

गाणे सुचलेच नाही तर सरळ 'पासू' म्हणावे. किती वेळा म्हणता येईल तेही आधी ठरवलेले असते. खोली सोडण्यापूर्वी नियंत्रकावरची 'रिरेकी' ही कळ दाबावी. त्या दिवशी गायिलेल्या सर्व गाण्यांची यादी तिथे दिसते. ती फोनमध्ये टिपून घ्यावी आणि घरी गेल्यावर, वाचन तपासून, एकेक गाणे आपापल्या पानावर उतरवावे, रा च्या ओळीतली सर्वांत आधी.